देवगिरीच्या वाटेवरचे वेष

दौलताबादच्या किल्ल्यापासून वेरूळच्या लेण्यांपर्यंतची वाट जेमतेम चार कोसांची. मध्यें खुलताबादचा घाट लागतो, एवढाच काय तो श्रम. परंतु ह्या चार कोसांत जितक्या संघांनीं, पंथांनीं आणि दरबारांनीं आपापले वेष नांदविले, तितके हिंदुस्थानांत इतक्या थोड्या जागेंत क्वचितच कोठें नांदले असतील. प्रवासी येतात, किल्ल्याची अंधारी पाहतात, कैलास पाहतात, छायाचित्रें घेतात आणि परत जातात. लेणें कोणत्या शतकाचें, तें कोणत्या राजानें खोदविलें, हें सांगणारे वाटाडे पुष्कळ भेटतात. त्या दगडी माणसांनीं अंगावर काय घेतलें आहे आणि तेंच कां घेतलें आहे, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें ह्याच मुलुखांत मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविलीं, आणि शाळेच्या सहलीच्या निमित्तानें ही वाट अनेक वेळां तुडविली. त्या येरझारांत जें पाहिलें आणि मागाहून जें वाचलें, त्यांतील थोडें वाचकांपुढें ठेवीत आहों.

वेरूळास लेणीं ३४. त्यांपैकीं १२ बौद्ध, १७ ब्राह्मणी व ५ जैन. बौद्ध लेण्यांतील बुद्धमूर्तीचा उजवा खांदा बहुधा उघडा असतो, आणि चीवर इतकें तलम कोरलेलें असतें कीं घोट्याशीं कांठाची रेघ दिसली नाहीं तर अंगावर वस्त्र आहे कीं नाहीं असा संशय यावा. भिक्षूचीं वस्त्रें तीन: कमरेस अंतरवासक, अंगावर उत्तरासंग, आणि थंडीवाऱ्यासाठीं दुहेरी संघाटी. विनयपिटकांत ह्या चीवराची एक मोठी गोड हकीकत आहे. मगधांतून जातांना बांध घातलेलीं भाताचीं खाचरें बुद्धाच्या दृष्टीस पडलीं, आणि असें चौकटीचौकटीचें चीवर शिवतां येईल काय, असें त्यांनीं आनंदास विचारलें. आनंदानें तुकड्यांस तुकडे जोडून तसें चीवर सिद्ध केलें. अखंड कापड फाडून त्याचे तुकडे केले कीं बाजारांत त्याला मोल राहत नाहीं. चोर त्याकडे पाहत नाहीं आणि नेसणाराचें मनही त्यांत गुंतत नाहीं. वस्त्र अंगावर घ्यावयाचें, परंतु आधीं त्याची किंमत मारून मग घ्यावयाचें, ही त्या संघाची युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटते.

जैन लेण्यांत गेलें कीं हा प्रश्न मुळांतूनच सुटलेला दिसतो. ३२ व्या, म्हणजे इंद्रसभा म्हणून प्रसिद्ध असलेल्या लेण्यांत बाहुबलीची मूर्ति आहे. तप करतां करतां इतका काळ लोटला कीं पायांवर वेली चढल्या. त्या वेली हेंच त्याचें लेणें. दिगंबर ह्या शब्दाचा विग्रह करावयास सांगितला असतां वर्गांतील मुलें आरंभीं हंसत. दिशा हेंच ज्याचें अंबर, हा बहुव्रीहि समास समजला म्हणजे गप्प होत.

आणि ब्राह्मणी लेण्यांत? तेथें देवांच्या अंगावर वस्त्रांपेक्षां अलंकारच अधिक. परंतु २१ व्या लेण्यांत, ज्यास रामेश्वर म्हणतात, अग्नींच्या मध्यें तप करणारी पार्वती कोरलेली आहे. ती पाहिली कीं आम्हांस हटकून कुमारसंभवाचा पांचवा सर्ग आठवतो. राजकन्येनें वल्कल नेसलें आहे, आणि शंकर स्वतःच जटाधारी ब्रह्मचाऱ्याचा वेष घेऊन, अजिन पांघरून व पळसाचा दंड हातीं धरून तिची परीक्षा पाहावयास आला आहे. तो तिला नाना प्रकारें परावृत्त करूं पाहतो. त्यांत एक मुद्दा वस्त्रांचाच. नववधूचा हंसचिन्हांचा रेशमी शेला आणि वराचें रक्त ठिबकणारें गजचर्म ह्यांची गांठ कशी बांधावी, असें तो विचारतो. लग्नांत उपरण्याशीं शालूची गांठ मारणाऱ्या आमच्या लोकांस ह्या विनोदाची धार लगेच कळावी.

आमच्या शास्त्रकारांनीं तर आयुष्याचेच चार आश्रम कल्पिले व प्रत्येकास निराळा वेष दिला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत बटूच्या वेषाची सविस्तर वाटणी आहे. ब्राह्मणबटूस काळविटाचें अजिन, मुंज गवताची मेखला, बेलाचा किंवा पळसाचा दंड आणि तोही केसांपर्यंत उंच; क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. पुढें समावर्तन झालें कीं नवीं वस्त्रें, जोडा, छत्री. संन्यास घेतला कीं तें सर्व टाकून गेरूनें रंगविलेलें वस्त्र. आतां हें सर्व एका सकाळींत उरकतें. मुंज आणि सोडमुंज ह्यांच्यामध्यें पूर्वीं बारा वर्षें जात, हल्लीं पंगतीची घाई जाते. मुंजीचें सामान पिशवींत बांधून तयार मिळतें. त्यांतील दंड कोणत्या झाडाचा, हें विचारलें तर भटजीबोवा दुकानदाराकडे बोट दाखवितात.

खुलताबादेस आलें कीं वेष बदलतो, पण विचार फारसा बदलत नाहीं, हें पाहून प्रथम आम्हांस आश्चर्य वाटलें होतें. महंमद तुघलखानें इ. स. १३२७ मध्यें देवगिरीस राजधानी आणून तिला दौलताबाद हें नांव दिलें. दिल्लीहून जे लोक त्या काळांत इकडे आले, त्यांत निजामुद्दीन अवलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हे होते. ते १३३७ सालीं वारले व खुलताबादेंत त्यांची कबर झाली. त्यांच्या परंपरेंतील झैनुद्दीन शिराझी १३६९ सालीं वारले, तेही तेथेंच आहेत. सूफी लोकांत गुरु शिष्याला अधिकार देतांना आपला झगा देतो. त्यास खिरका म्हणतात. आमच्याकडे कानांत मंत्र सांगतात, त्यांच्याकडे खांद्यावर वस्त्र घालतात. हा खिरका पुष्कळदां ठिगळांचा असे. दिल्लीचे नासिरुद्दीन चिराग हे १३५६ सालीं वारले, तेव्हां गुरूकडून आलेला खिरका पुढें कोणासही न देतां आपल्याबरोबरच पुरावा, असें त्यांनीं सांगितलें होतें अशी परंपरा आहे. योग्य माणूस मिळाला नाहीं म्हणून वस्त्राची परंपरा थांबविणें, ह्यांत केवढी करडी निष्ठा आहे! पुत्रास गादी, शिष्यास मठ आणि पुतण्यास वर्षासन असा सगळा कारभार डोळ्यांसमोर पाहणाऱ्या आम्हां लोकांस ती विचार करावयास लावणारी आहे.

झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यांत पैगंबरांचा झगा म्हणून मानलेलें एक वस्त्र जतन केलेलें असून तें वर्षांतून एकदां, रबिलावल महिन्याच्या १२ तारखेस दर्शनास काढतात. त्याच दर्ग्याच्या आवारांत औरंगजेबाची कबर आहे. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें १७०७ सालीं तो वारला. त्याच्या नांवावर चालणाऱ्या मृत्युपत्रांत स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या विक्रीचे चार रुपये दोन आणे कफनास लावावे, असें सांगितलेलें आहे. ह्या बादशहानें महाराष्ट्रास काय भोगावयास लाविलें तें वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. ज्याच्या फौजेच्या तंबूंनीं दख्खन झांकून गेली, त्याच्या कफनाचा हिशेब टोप्यांच्या पैशांत निघावा, एवढीच नोंद येथें करतों.

चीवर तुकड्यांचें, खिरका ठिगळांचा, आणि आमच्या नाथपंथी जोग्याची कंथाही चिंध्यांचीच. तिन्ही पंथ एकमेकांच्या दारावरून गेलेले, तिघांचें तत्त्वज्ञान निराळें. सुई मात्र तिघांनीं एकाच कामाला लाविली. मराठवाड्यांतील घरोघरच्या वाकळी आणि गोधड्या पाहतांना आम्हांस ह्या तिघांची आठवण येते. तेथें वैराग्य नसून काटकसर असते, हा भेद खरा. परंतु आजीच्या लुगड्याचा तुकडा आणि नातवाच्या झबल्याचा तुकडा शेजारीं शेजारीं येतात, हेंही कांहीं थोडें नाहीं.

दौलताबादच्या किल्ल्यांत सोळाव्या शतकांत जनार्दनस्वामी किल्लेदार होते, आणि पैठणचे एकनाथ (१५३३ ते १५९९) हे त्यांचे शिष्य. ह्या गुरुशिष्यांच्या दोन कथा वेषासंबंधींच आहेत. एक अशी कीं, स्वामी समाधींत असतां किल्ल्यावर शत्रू आला. समाधि मोडूं नये म्हणून नाथांनीं गुरूचें चिलखत अंगावर चढविलें, शस्त्र घेतलें आणि शत्रूस परतविलें. शिपायांनीं किल्लेदारच पुढें आहे असें समजून जोर केला. दुसरी कथा अशी कीं, दत्तात्रेयाचें दर्शन नाथांना झालें तें मलंग फकिराच्या वेषांत, बरोबर कुत्री. स्वामींनीं ओळखलें, नाथांस प्रथम ओळखतां आलें नाहीं. जनार्दनस्वामींचे गुरु म्हणून परंपरा ज्यांस मानते ते चांद बोधले, त्यांचें स्मारकही दौलताबादेसच आहे आणि तें दर्ग्याच्या धाटणीचें आहे. वेष पाहून माणूस ओळखूं गेलों तर ह्या गांवीं हमखास फसगत व्हावयाची, असें दिसतें. पुढें नाथांनीं भारुडें रचलीं त्यांत जोशी, गोंधळी, वासुदेव, फकीर असे किती तरी वेष बोलते केले. मोरपिसांची टोपी, पायघोळ झगा आणि हातांत चिपळ्या घेतलेला वासुदेव पहांटे दारीं येत असे, तो आतां येत नाहीं. आमच्या नातवंडांना तो शाळेच्या स्नेहसंमेलनांतच काय तो भेटतो.

वस्त्रें विणणाराकडे वळूं. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचें छत्रपति संभाजीनगर, हें हिमरू आणि मशरू ह्या कापडांसाठीं शतकानुशतकें प्रसिद्ध. हिमरूंत सूत व रेशीम ह्यांचें मिश्रण असून त्यावर वेलबुट्टी काढलेली असते; शुद्ध रेशीम आणि जर ह्यांच्या किंखाबाचा डौल त्यास थोड्या पैशांत येतो. दोन माणसांवांचून जुना माग चालत नसे. खालीं विणकर, आणि नक्षीच्या दोऱ्या ओढावयास एक पोरगा. मशरूची घडण तर फारच चतुराईची. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा ठेवून वीण अशी घालतात कीं चकाकणारें रेशीम वर दिसावें आणि अंगास सूत लागावें. कारण इस्लामी धर्मशास्त्रांत पुरुषानें शुद्ध रेशीम अंगास लावणें निषिद्ध. मशरू ह्या शब्दाचा अर्थच धर्मानें ज्यास मोकळीक आहे तें, असा आहे.

आतां आमच्या घरांतला प्रकार पहा. आमच्याकडे नेमकें उलट. सुती धोतर सोंवळ्यास हवें तर तें धुवून, कोणाचा स्पर्श न होतां उंच काठीवर वाळलेलें असलें पाहिजे. रेशमी मुकटा किंवा कद, अथवा लोंकरीची धाबळी, ह्यांना ती अडचण नाहीं, तीं स्वभावतःच शुद्ध. म्हणजे रेशीम हें एकास देवापुढें जातांना वर्ज्य, दुसऱ्यास देवापुढें जातांना आवश्यक. रेशीम मात्र तेंच! ह्या मुलुखांतील मागांनीं एका बाजूस दर्ग्याच्या मुजावराचें आणि दुसऱ्या बाजूस देवघरांतील यजमानाचें समाधान केलें. हातमागावर हिमरू विणणारीं घरें आतां बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. पैठणीचें नशीब त्या मानानें बरें. तिला २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि लग्नसराईंत तिला मागणी आहे. खरी पैठणी ओळखावयाची तर पदर उलटा करून पाहावा. दोन्ही अंगांनीं नक्षी सारखीच दिसली पाहिजे, मागें दोरे लोंबतां उपयोगी नाहींत.

१९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा होता. सरकारी भाषा उर्दू, आणि सरकारी वेष शेरवानी. दरबारांत जावयाचें तर डोक्यास दस्तार आणि कमरेस बगलूस नांवाचा पट्टा बांधावा लागे. कचेरींत रुमी टोपी चाले. आमचे आजोबा तहशील कचेरींत पेशकार होते. दिवसभर शेरवानी आणि टोपी घालून उर्दूंत टिप्पणें लिहीत, आणि संध्याकाळीं ओसरीवरच्या एका विशिष्ट खुंटीस तीं टांगून, स्नान करून, मुकटा नेसून पानावर बसत. त्या खुंटीस घरांत कचेरीची खुंटी म्हणत, आणि तिच्यावर दुसरें कांहींही टांगलेलें चालत नसे. आजोबांस ह्यांत ढोंग वाटलें नाहीं, आणि आम्हांसही वाटत नाहीं. पोटाचा वेष आणि पाटाचा वेष निराळा, हें त्या काळीं संस्थानांतील शेंकडों घरांत चाललें होतें. त्याच संस्थानांत एका संन्याशानें भगव्या वस्त्रानिशीं राजकारण केलें. स्वामी रामानंद तीर्थ हे प्रथम आमच्याच धंद्यांतले, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे व पुढें आंबेजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक. पुढें हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी. संन्याशानें तुरुंगांत जावें कीं नाहीं, ह्यावर आमच्या ओसरीवर वाद होत, असें वडील सांगत.

येथवर जे वेष सांगितले, ते घेणारानें आपण होऊन घेतलेले, किंवा निदान पगारासाठीं पतकरलेले. एक वेष मात्र असा आहे कीं त्याचें नांव काढल्याशिवाय हा लेख पुरा करणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें.

आमच्या आजोबांच्या एक आत्या आमच्या लहानपणीं हयात होत्या. आम्ही त्यांना आत्याआजी म्हणत असूं. तांबडें अलवण, कपाळ रिकामें, आणि पदराखालीं केस काढलेलें डोकें. बाराव्या वर्षीं त्यांचें कुंकू पुसलें गेलें, आणि कांहीं वर्षांनीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं न्हावी बोलाविला. तीस कोणी विचारलें नाहीं. विधवेनें यतीप्रमाणें राहावें, असें म्हणून यतीचे नियम तिला लाविले; यतीस लोक नमस्कार करतात, आत्याआजी समोरून आल्या कीं बाहेर निघालेला माणूस माघारीं वळे. ह्याच भागांत तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथांत स्त्रियांस संन्यासदीक्षा मिळत असे. महदंबा, जिला आद्य मराठी कवयित्री म्हणतात, तीही बालविधवाच. परंतु ती पंथांत विद्येनें मान पावली. महानुभाव संन्यासिनी काळीं वस्त्रें नेसत आणि मुंडन करीत, असें एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरकारांनीं लिहिलेलें आहे. डोकें दोघींचेंही उघडें. एकीनें दीक्षा मागितली. दुसरीस ती शिक्षा म्हणून मिळाली.

ह्या चालीस शास्त्राचा आधार आहे, असें आमच्या घरचे वडील सांगत. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत हा सर्व पुरावा तपासून, विधवेचें केशवपन ही प्राचीन चाल नव्हे, असें दाखवून दिलें आहे. ज्यांनीं हा ग्रंथ वाचला नव्हता अशा लोकांनींही त्या आधींच आपला निवाडा दिला होता. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रेरणेनें न्हावी मंडळींनीं सभा भरविली आणि विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाहीं असें ठरविलें. जें आमच्यांतील शास्त्र्यांस सुचलें नाहीं, तें ज्यांच्या हातीं वस्तरा होता त्यांस सुचलें. पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांनीं विधवेशीं विवाह केला आणि १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. आत्याआजी तेव्हां अजून परकर नेसत असतील. हें सर्व त्यांच्या कानीं कधीं आलें कीं नाहीं, कोण जाणे.

त्यांच्या लग्नांतील पैठणी त्यांच्या ट्रंकेंत होती. आमच्या मातोश्री लग्न होऊन घरांत आल्या, तेव्हां आत्याआजींनीं ती त्यांना दिली. परंतु शुभकार्याच्या वस्त्रास आपला हात लागूं नये म्हणून स्वतः उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि मातोश्रींनाच ट्रंक उघडावयास सांगितलें. "कांठ काळा पडला कां ग?" एवढेंच त्यांनीं विचारलें, असें मातोश्री सांगत. ती पैठणी आमच्या घरांतील प्रत्येक सून लग्नानंतरच्या पहिल्या पूजेस अजून नेसते. अलवणाचे आत्याआजींनीं स्वतःच चौकोनी तुकडे फाडून ठेवले होते. पोथ्या बांधावयास तांबडें कापड लागतेंच, असें त्या म्हणत. आमच्याकडील गुरुचरित्र आणि भागवत आजतागायत त्याच रुमालांत बांधलेलें आहे.

पगडी गेली, बाराबंदी गेली, नऊवारी सणापुरती राहिली. पुणेरी पगडी आतां सत्काराच्या व्यासपीठावर दहा मिनिटें डोक्यावर बसते. ह्याबद्दल गळा काढणाऱ्यांत आम्ही नाहीं. ज्या वेषांनीं माणसास सुख दिलें त्यांच्याबरोबर ज्यांनीं दुःख दिलें तेही गेले, हा सौदा आम्हांस महाग वाटत नाहीं. मात्र वस्त्रांचीं नांवें आणि हकीकती ज्यांस ठाऊक आहेत, अशीं माणसें आतां ऐंशीच्या पुढचीं आहेत. म्हणून वाचकभगिनींस एक विनंति करतों. दिवाळीच्या सुमारास ट्रंका उघडल्या जातील, तेव्हां घरांतील वडील मंडळींस जवळ बसवून प्रत्येक जुन्या वस्त्राची चौकशी करावी: ही चंद्रकळा कीं इरकली, हें कोणाच्या लग्नांतलें, हें कोणी टाकलें आणि कां टाकलें. उत्तर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घडींत ठेवावें. पेन्सिलीनें लिहावें, शाई दमट हवेंत कापडास लागते. जरीचें वस्त्र वर्षांतून दोनदां उलगडून, घडीची रेघ बदलून पुन्हां ठेवावें. तीच घडी वर्षानुवर्षें राहिली तर जर तेथेंच तुटते. डांबराच्या गोळ्या जरीस लागूं देऊं नयेत. वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडींत बांधून कोपऱ्यांत ठेवले म्हणजे पुरे.